कृषिकन्या दारी आल्या, त्यांना खरे काम द्या



गेल्या पंधरवड्यातल्या टपालात एका भगिनीचे पत्र होते. अक्षर मोत्यासारखे आणि म्हणणे रोखठोक. त्या लिहितात, ‘आमच्या माडीवर कृषी महाविद्यालयाच्या सहा मुली राहायला आल्या आहेत. पोरी गुणी आहेत. पण रोज वही घेऊन येतात, जमीन किती, गुरे किती, घरात शिकलेले किती असे विचारतात, फोटो काढतात आणि जातात. गावाला यातून काय मिळणार? दुसरे असे, की माझा मुलगा यंदा बारावीला आहे. त्याला शेतकीच्या पदवीला घालावे असे मनात आहे. पण शेवटच्या वर्षाला असे परगावी राहायचे म्हणजे खोली, जेवण, एस.टी. हा खर्च आलाच. तो कोण सोसतो?’

ताई, तुमचे दोन्ही प्रश्न लाखमोलाचे आहेत. पहिला आहे कामाचा आणि दुसरा पैशाचा. वरवर ते वेगळे दिसतात, पण एकाच दाव्याला बांधलेल्या बैलजोडीसारखे आहेत. म्हणून आजची शिवारफेरी या दोन प्रश्नांसाठीच ठेवतो.

हा उपक्रम आहे तरी काय?

पूर्वी शेतकीचा विद्यार्थी चार वर्षे पुस्तके, प्रयोगशाळा आणि महाविद्यालयाचे प्रक्षेत्र एवढ्यातच वाढायचा. पदवी हाती पडायची, पण शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून चार गोष्टी ऐकण्याची सवय नसायची. ही उणीव ओळखून भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या रंधावा समितीने १९९२ साली शिफारस केली, की पदवीच्या शेवटच्या टप्प्यावर विद्यार्थ्याने खेड्यात राहून काम केले पाहिजे. त्यातून ‘ग्रामीण कृषी कार्यानुभव’ हा उपक्रम उभा राहिला. विद्यार्थी त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘रावे’ म्हणतात. पुढे २५ जुलै २०१५ रोजी ‘स्टुडंट रेडी’ ही योजना सुरू झाली आणि हा उपक्रम तिच्यात सामावला गेला.

आपल्या राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. त्यांच्या महाविद्यालयांतली मुले-मुली बहुधा सातव्या सत्रात, म्हणजे ऐन खरिपात गावात येतात. मुलांना आपण ‘कृषिदूत’ म्हणतो आणि मुलींना ‘कृषिकन्या’. परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीने या कामाचे २० आठवडे आखून दिले. त्यातले ८ आठवडे गावात काढायचे. बाकीचे संशोधन केंद्र किंवा कृषी विज्ञान केंद्र, पीक चिकित्सालय, शेतीमालावर चालणारा एखादा उद्योग आणि अहवाल यांत वाटलेले असतात. गावात असताना एकेका विद्यार्थ्याला एक शेतकरी कुटुंब जोडून दिलेले असते. त्या घरची शेती पाहायची, तिच्यात हात घालायचा आणि त्यातून शिकायचे, अशी मूळ कल्पना आहे.

म्हणजे ताई, त्या मुली जमीन-गुरांची माहिती विचारतात तो अभ्यासाचाच भाग आहे. पण काम तेवढ्यावरच थांबले, तर दोष त्यांचा निम्मा आणि आपला निम्मा.

मला हे शिक्षण मिळाले नव्हते

आमच्या वेळी असे गावात राहणे नव्हते. पदवी घेतली, नोकरीला लागलो आणि पहिल्याच वर्षी एका वस्तीवर रब्बी ज्वारीचे सुधारित बियाणे वाटायला गेलो. वाण भारी जमिनीचे होते. एक आजीबाई म्हणाल्या, ‘साहेब, वरनं काळी दिसती, पर हातभर खाली समदा मुरूम हाय.’ मी खड्डा खणून पाहिला नाही. पुस्तकात त्या शिवाराची जमीन काळी लिहिलेली होती, तेवढ्यावर निभावले. पुढे पोटरीत येण्याच्या सुमाराला पिकाने मान टाकली. आजीबाई मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. त्याचे जास्त वाईट वाटले.

एक सत्र कुणाच्या तरी ओसरीवर काढले असते, तर आधी खड्डा खणण्याची अक्कल आली असती. म्हणून हल्लीच्या मुलांचा मला हेवा वाटतो. त्याचबरोबर ही मुले आठ आठवडे राहून नुसते फोटो घेऊन परत गेली, की जीव हळहळतो.

२०१८ सालची गोष्ट

खरे काम दिले म्हणजे काय होते, हे मी २०१८ च्या खरिपात पाहिले. आमच्या तालुक्याच्या पूर्व कडेला एक अवर्षणाचे गाव आहे. तिथे पाच कृषिकन्या आल्या होत्या. त्यांतली एक शेतमजुराची मुलगी. अंगाने बारीक, बोलणे मोजके.

पहिल्या आठवड्यात मुलींनी शिवार पायाखाली घातले आणि देवळापुढे रांगोळीने गावचा नकाशा काढला. ओढा, रस्ते, वस्त्या, विहिरी सगळे त्यात मांडले. नकाशाभोवती गाव गोळा झाले. एका म्हातारबाबांनी काठी टेकत विचारले, ‘पोरींनो, इहिरी मोजल्या, पर पानी मोजलं का?’ सगळे हसले. ती मुलगी मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच दोरीला फुटाफुटावर गाठी मारून, टोकाला दगड बांधून ती विहिरीवर हजर. लोक म्हणाले, ‘आवं ताई, त्यात काय मोजायचं? डोळ्यानं दिसतंय की!’

तिने मोजायचे सोडले नाही. काठावर एक खूण केली आणि दर सोमवारी सकाळी पंप सुरू होण्याआधी त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजायला लागली. एकटीला सगळ्या विहिरी होईनात, म्हणून शाळेतल्या मोठ्या पोरांना हाताशी धरले. पोरांनी आपापल्या घरच्या विहिरीची वही घातली. काठापाशी वाकायचे नाही आणि सोबत घरचे मोठे माणूस हवे, ही तिची पहिली अट होती.

इथे एक हिशेब सांगतो, तो घरोघरी करून पाहा. गोल विहिरीची आतली रुंदी फुटांत घ्या. रुंदीला रुंदीने गुणा, त्याला पाण्याच्या खोलीच्या फुटांनी गुणा आणि शेवटी २२ ने गुणा. येईल तो आकडा साधारण लिटरचा. विहीर २० फूट रुंद आणि पाणी १० फूट असेल तर झाले ८८ हजार लिटर. ऐकायला पाणी पुष्कळ वाटते. आता एका एकराला सहा सेंटिमीटरची एक पाळी द्यायची, तर पाणी लागते सुमारे २ लाख ४० हजार लिटर. म्हणजे विहीर तळापर्यंत उपसली तरी एकराचे एक पाणीसुद्धा भागत नाही! मग आपण बागायत करतो ते कशाच्या जोरावर? झऱ्यांच्या जोरावर. उपसल्यानंतर विहीर किती वेळात पुन्हा चढते, तेच तिचे खरे धन. दिसते ते पाणी नुसते गल्ल्यातली चिल्लर आहे.

त्या मुलींनी तेही टिपले. पंप बंद केल्यावर पाणी पुन्हा पहिल्या खुणेला यायला किती वेळ लागतो, ते लिहीत गेल्या. त्या वर्षी पावसाने ऑगस्टनंतर हात आखडता घेतला. एरवी सप्टेंबरात विहिरी चढतात, त्या यंदा उतरत होत्या. जे पाणी एका रात्रीत चढत होते, त्याला महिनाअखेर दोन रात्री लागू लागल्या. इकडे गावात रांगड्या कांद्याची रोपे लावणीला आलेली. कांद्याला आठ-दहा दिवसांनी पाणी पाहिजेच.

ती मुलगी वही घेऊन माझ्या कार्यालयात आली. सगळे आकडे दाखवले आणि म्हणाली, ‘सर, हे ग्रामसभेत सांगू का? एवढ्या पाण्यावर कांदा निघणार नाही.’

मी काय सांगितले, ते आज लिहायला लाज वाटते. मी म्हणालो, ‘नको. तुमचे काम अहवाल लिहिण्याचे. कांदा लावणाऱ्यांत गावातली मोठी घरे आहेत. उगाच वाईटपणा घेऊ नका.’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘सर, अहवाल नोव्हेंबरात लिहायचा आहे. लावण पुढच्या आठवड्यात आहे.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. पण हो देखील मी म्हणालो नाही.

गांधी जयंतीच्या ग्रामसभेत ती उभी राहिली. मी मागच्या बाकावर होतो. तिने भिंतीला एक मोठा कागद लावला. त्यावर विहिरींच्या खाली खाली जाणाऱ्या रेघा होत्या. हात थरथरत होते, पण आवाज नाही. कोणत्या विहिरीवर किती क्षेत्र भिजेल, ते तिने वाचून दाखवले. कांदा निम्मा करा, उरलेल्या रानात हरभरा घ्या, त्याला दोन पाणी पुरतात, आणि गुरांसाठी पाणी राखून ठेवा, असे सांगितले. एक शेतकरी तावातावाने उठले. ‘आमच्या आज्यापासून आम्ही कांदा करतो. तू काल आलीस, आन् आम्हाला शिकवतीस?’ ती म्हणाली, ‘दादा, तुमची विहीर मी मोजली नाही. तुमच्या पुतण्याने मोजली आहे. आकडे त्याच्याच वहीत आहेत.’ सभा एकदम चिडीचूप झाली.

ग्रामसभेत ठराव वगैरे काही झाला नाही. पण रात्री घरोघरी त्या वह्या उघडल्या गेल्या असाव्यात. सहा-सात घरांनी कांदा निम्म्यावर आणला. बाकीच्यांनी ठरल्याप्रमाणे लावला. ३१ ऑक्टोबरला शासनाने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचा तालुका होता. जानेवारीत मी त्या गावी गेलो तेव्हा पुऱ्या रानात लावलेला कांदा लिंबाएवढा होऊन थांबला होता आणि पात पिवळी पडली होती. ज्यांनी हरभरा घेतला त्यांचेही काही सोने पिकले नव्हते. पण घाटे भरले होते, बियाण्याचा आणि मजुरीचा खर्च निघाला होता आणि विहिरीत गुरांपुरते पाणी होते. अवर्षणाच्या वर्षी एवढे पुष्कळ असते.

ग्रामसभेत तावाने बोलणारे ते शेतकरी बांधावर भेटले. पोरीविषयी ते चकार शब्द बोलले नाहीत. मला म्हणाले, ‘साहेब, ती तर परकी पोर. तुम्ही इतकी वर्सं आमच्यात आहात. आकडे तुम्ही बी बघितले व्हते. मग त्या दिवशी तुम्ही का बोलला नाहीत?’

हा प्रश्न मी अजून खिशात घेऊन फिरतो. नेतृत्व, व्यक्तिमत्त्व विकास असे मोठे शब्द विद्यापीठाच्या कागदांवर असतात. त्यांचा अर्थ मला त्या दिवशी समजला. शिवारात जे दिसले ते मोजायचे आणि ज्याचे नुकसान व्हायचे आहे त्याला ते वेळेवर, तोंडावर सांगायचे. हे पुस्तकातून येत नाही. गावात राहून, गावाचे मीठ खाऊन येते.

आता पैशाचा प्रश्न

या गोष्टीचा एक भाग मुद्दामच मागे ठेवला होता. तिसऱ्या आठवड्यात ती मुलगी गाव सोडून निघाली होती.

या काळासाठी विद्यार्थ्यांना विद्यावेतन असते. परिषदेने महिना ३,००० रुपये आणि जास्तीत जास्त सहा महिने असा त्याचा दर ठरवला. कागदावर ठीक आहे. पण त्या वर्षी त्या मुलींचे पैसे वेळेवर आले नाहीत. बाकीच्या चौघींना घरून थोडेफार येत होते. हिच्या घरी रोजावर पोट. जवळचे पैसे एस.टी.त आणि किराण्याच्या वर्गणीत संपले. मग संध्याकाळी ‘मला भूक नाही’ म्हणून ती लवकर झोपायला लागली. घरमालकांच्या आईने दोन दिवस पाहिले. तिसऱ्या दिवशी आजी ताट घेऊन माडीवर गेल्या आणि म्हणाल्या, ‘पोरी, दिवसभर इहिरी पालथ्या घालतीस आन् भूक न्हाई म्हनतीस? माझ्या पुढ्यात बसून खा.’ त्या दिवसापासून ती त्यांच्या पंगतीला बसू लागली. विद्यावेतन आले ते मुली गावातून गेल्यावर.

आजींचे उपकार मोठेच. पण मला पुन्हा पुन्हा वाटते, आजींचे लक्ष गेले नसते तर? पोर घरी गेली असती, विहिरी मोजल्या गेल्या नसत्या आणि ती सहा-सात घरेही बुडाली असती. गावाचे एवढे हित एका ताटावर अवलंबून राहावे, हे बरे नव्हे.

पुष्कळांना वाटते, शिकणाऱ्याला पैसे कशाला? शिकायला मिळते तेच पुष्कळ. पण या म्हणण्यात एक खोच आहे. बिनपगारी काम खाऊनपिऊन सुखी घरातल्यालाच परवडते. पाणी, माती, जंगल यांचे शिक्षण फुकट राबण्याच्या अटीवर ठेवले, तर ज्यांचे आयुष्य त्याच मातीत जाते त्यांची मुले बाहेर राहतील. आणि विहिरीला दोरी लावून पाहण्याची बुद्धी त्यांनाच आधी होते, हे आपण वर पाहिले.

आपल्या मुलखाला हे नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला. वसतिगृहातली मुले शेतात राबली, स्वतःचा स्वयंपाक केला आणि शिकली. त्यामागचा विचार साधा होता. गरिबाच्या मुलाने शिक्षणासाठी कुणापुढे हात पसरू नये. विद्यावेतन हे त्याच झाडाची फांदी आहे. ते दान नव्हे, बक्षिशी नव्हे, कामाचा मोबदला आहे. म्हणून तो कामाच्या दिवसांतच हातात पडला पाहिजे.

मुलांना काय काम द्याल?

तुमच्या गावात कृषिदूत किंवा कृषिकन्या आल्या असतील, तर पहिल्याच आठवड्यात सरपंच, शिक्षक आणि चार जाणते शेतकरी यांनी त्यांच्यासोबत बसावे आणि खालील कामे वाटून द्यावीत. ही सगळी त्यांच्या अभ्यासात बसतात.

१) मातीचा नमुना. झाडाखालची, बांधालगतची, उकिरड्याजवळची आणि पाणथळ जागा सोडून शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा खड्डा घ्यावा. हंगामी पिकासाठी वीतभर, म्हणजे २० ते २२ सेंटिमीटर खोल. त्याच्या बाजूची माती तासून घ्यावी, एकत्र मिसळावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करावे. माती सावलीत वाळवावी. खत टाकल्यावर लगेच नमुना घेऊ नये. हे काम मुलांकडून करून घ्या, पण घरच्या कुणाला तरी सोबत पाठवा. पुढच्या वेळी ते घरच्यालाच जमले पाहिजे.

२) पावसाची नोंद. पर्जन्यमापक नसला तर सरळ उभ्या बाजूंचा डबा उघड्या जागी ठेवावा आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकराला सुमारे ४ हजार लिटर पाणी. एवढे कळले, की बांधबंदिस्तीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

३) विहिरींची वही. ती कशी ठेवायची ते वर सांगितलेच आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यात मोजते. निदान त्या चार महिन्यांत तरी गावाने आपल्या विहिरी मोजाव्यात. हिवरे बाजारात पाऊस आणि विहिरी मोजून दर वर्षी पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडतात आणि मग पिके ठरवतात. तिथले पोपटराव पवार एम.कॉम. शिकून गावी आले आणि १९८९ साली सरपंच झाले. शिकलेला माणूस गावात थांबला म्हणजे काय होते, याचे ते उदाहरण आहे.

४) बियाण्याची उगवण. हे पेरणीआधीचे काम आहे. पोत्याचा ओला तुकडा घेऊन त्यात १०० दाणे गुंडाळावेत, ओल टिकवावी आणि आठवड्याने मोड मोजावेत. सोयाबीनचे ७० पेक्षा कमी उगवले, तर ते बियाणे नेहमीच्या मापाने पेरू नये. मुले उशिरा आली तर ही पद्धत निदान रब्बीसाठी शिकून घ्या.

५) औषधांच्या डब्यांची तपासणी. घराघरांत फवारणीची औषधे कुठे ठेवली आहेत, डब्यावरचा त्रिकोण कोणत्या रंगाचा आहे, हे मुलींनी बायाबापड्यांना दाखवावे. लाल त्रिकोण सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसे दगावली, हे विसरू नका.

आणि सर्वांत महत्त्वाची अट एकच घाला. वही गावात राहिली पाहिजे. अहवालाची एक प्रत महाविद्यालयात जाईल, जाऊ द्या. पण नोंदींची मूळ वही शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवून घ्या. जाण्यापूर्वी एक दिवस ग्रामसभेत किंवा देवळात मुलांना उभे करा आणि विचारा, ‘बाळांनो, आमच्या गावात तुम्हाला काय दिसले?’ गोड बोलले तर पुन्हा विचारा, ‘वाईट काय दिसले?’ कडू ऐकून घेण्याची तयारी मात्र आपली हवी.

मुलाला घालायचे असेल तर

ताई, आता तुमच्या मुलाविषयी. शेतकीची पदवी चार वर्षांची आहे. विज्ञान शाखेतून बारावी आणि राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा यांवर प्रवेश होतो. महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नका, तीन प्रश्न विचारा. एक, कार्यानुभवाच्या काळातले विद्यावेतन या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना मिळते का? दोन, मागच्या तुकडीला ते कोणत्या महिन्यात मिळाले? तीन, गावात असताना मार्गदर्शक प्राध्यापक किती वेळा येतात? शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारलेत, तर खरे उत्तर मिळेल. आणि पैसे उशिरा आले तरी दोन महिने निभतील एवढी तजवीज तिसऱ्या वर्षापासूनच करून ठेवा.

ज्यांची मुले कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेला आहेत त्यांच्यासाठीही वाट आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आले आहे. मुलाला सांगा, ‘प्रकल्प शहरात कशाला शोधतोस? आपला ओढा, आपल्या विहिरी, आपले गायरान हाच विषय घे.’ घरच्या भाकरीवर राहून अभ्यास होईल आणि गावाला नोंद मिळेल. राष्ट्रीय सेवा योजना तर १९६९ पासून चालू आहे. तिच्यात पैसे नाहीत, पण सात दिवसांच्या शिबिरात चारचौघांत उभे राहायची भीड मोडते.

शिक्षण संपलेल्यांसाठी २०२४ साली राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. तिच्यात बारावी झालेल्यांना महिना ६ हजार, आय.टी.आय. किंवा पदविका झालेल्यांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन ठरले होते. अशा योजनांची मुदत आणि नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करण्याआधी जिल्ह्याच्या कौशल्य विकास व रोजगार कार्यालयात विचारून घ्या. ऐकीव माहितीवर दलालाला पैसे देऊ नका.

जाता जाता

त्या गावी मी अजून जातो. शाळेच्या कपाटात ती विहिरींची वही आहे. तिला आता आणखी दोन वह्या जोडल्या गेल्या आहेत. पहिल्या तुकडीतली पोरे कॉलेजात गेली, त्यांची धाकटी भावंडे दोरी धरतात. मुलगी पुढे शिकली आणि नोकरीला लागली, एवढे आजींकडून कळले. दिवाळीला तिचा फोन येतो म्हणे. पहिला प्रश्न विहिरीचा असतो.

मीही एक नेम धरला आहे. आता माझ्या हातात पाण्याचा, मातीचा, रोगाचा कोणताही आकडा आला, तर पुढच्या ग्रामसभेत मी स्वतः उठून सांगतो. कुणाला राग आला तरी सांगतो.

तेव्हा ताई, तुमच्या माडीवरच्या त्या सहा जणींना आज संध्याकाळी खाली बोलवा. चहा द्या. मग दोरी आणि दगड हातात देऊन म्हणा, ‘पोरींनो, आमची विहीर मोजा. आणि जे दिसेल ते आम्हाला खरे सांगा.’

पुन्हा भेटू पुढच्या शिवारफेरीत. लोभ असावा.